कोणते वानखडे?

सरिता वानखडेच्या बदलीचा आदेश आला तेव्हा घरात कोणी फार दुःख केलं नाही. सरकारी नोकरी म्हटल्यावर बदली आलीच. कामरगावच्या दवाखान्यात दहाएक वर्षं तिनं लोकांची रक्त-लघवी तपासली होती, आता रिसोडला तपासायची. जिल्हा तोच, फक्त जिल्ह्याचं दुसरं टोक. नवरा धम्मरत्न याचं कामरगावात जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरायचं दुकान. आजूबाजूच्या खेड्यांतले पंप त्याच्याकडे यायचे, त्यामुळे त्याला हलता येत नव्हतं. म्हणून असं ठरलं की सरितानं आठ वर्षांच्या यशूला घेऊन जायचं आणि सोबत सासू रुख्मिणीबाईनं राहायचं.

खोली कशी पाहिजे ते सरितानं बसमध्ये बसल्या बसल्याच मनाशी पक्कं केलं होतं. दवाखान्याच्या जवळ हवी, कारण एखादी बाळंतीण आली की तंत्रज्ञाला केव्हाही बोलावणं येतं. खालच्या मजल्यावर हवी, कारण सासूचे गुडघे जिना म्हटला की रडकुंडीला येत. यशूची शाळा पायी जाण्यासारखी हवी. एवढंच. महाल कोण मागत होतं?

"खोली म्हंजे काय मोठी गोष्ट, मॅडम," रिसोडच्या दवाखान्यातला शिपाई हरिसिंग राठोड म्हणाला. निवृत्तीला आलेला माणूस, गावाची गल्लीन् गल्ली त्याला ठाऊक. "मागच्याच कॉलनीत चला. दर चौथ्या घराले पाटी लटकून राह्यली."

खोली मिळेपर्यंत सासू, सून आणि यशू दवाखान्यातल्याच एका रिकाम्या खोलीत थांबल्या होत्या. रविवारी सकाळी सरिता, रुख्मिणीबाई आणि हरिसिंग असे तिघं निघाले. पहिल्याच घरी ओसरीवर एक बाई गहू पाखडत बसली होती. नोकरी सरकारी आहे म्हटल्यावर तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि स्वतः उठून खोली दाखवली. ओटा, न्हाणी, आत नळ, आणि मागच्या खिडकीतून दवाखान्याची पाण्याची टाकी दिसत होती. रुख्मिणीबाई तर उंबऱ्यावर बसून बाज कुठं टाकायची तेही ठरवायला लागली.

"नाव काय म्हनलं तुमचं?" बाईनं विचारलं.

"सरिता वानखडे."

"कोणते वानखडे?"

वऱ्हाडात वानखडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. नुसत्या आडनावावरून पत्ता लागत नाही, म्हणून हा पुढचा प्रश्न असतो.

"कामरगावचे," सरिता म्हणाली.

"गाव नाही ओ बाई. कोणते म्हंजे... कुणबी का?"

"नाही. आमी बौद्ध."

"असं काय." बाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. "आमी तसं काई मानत नाही बरं. पन आमच्या यायले इचारा लागते. यायचा पुतण्या येनार होता राहाले."

दुसऱ्या घरीही पुतण्याच येणार होता. तिसऱ्या घरी जावयाचा भाऊ. चौथ्या घरचा माणूस जरा घाईत होता, त्यानं नातं न सांगताच "देऊन टाकली खोली" म्हणून फाटक लावलं. पाटी मात्र फाटकावर तशीच होती. हरिसिंगचा चेहरा उतरला. सकाळी मोठ्या तोऱ्यात निघालेला तो माणूस आता दोन पावलं मागून चालत होता.

"मॅडम, मी आलो होतो या गावात तवा मले बी इचारत, राठोड म्हंजे तांड्यावरचे बंजारे का म्हनून," तो हळूच बोलला. "मले वाटलं आता कमी झालं असन."

"तुमी काहून खाली मान घालता, हरिसिंगभाऊ?" सरिता म्हणाली. "तुमी थोडीच नाही म्हनलं."

पुढच्या रविवारी राजू नावाच्या ऑटोवाल्यानं बायपासच्या पलीकडचं नव्या प्लॉटांचं ले-आउट दाखवलं. कोरं घर, भिंतींना रंगाचा वास. मालक पुण्याला, फोनवर त्यानं आडनावाचा विषयच काढला नाही. क्षणभर सरिताला वाटलं, हेच घ्यावं. पण नळ अजून तिथवर पोचलेला नव्हता, दिव्याचे खांब उभे होते पण त्यांना दिवे नव्हते, आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर ऑटोचं चाक दोनदा रुतलं. दवाखान्यातून निरोप आला तर निघून पोचेपर्यंत बाळंतीण मोकळी व्हायची.

"इथं कोनी इचारत नाही ते बराबर हाये," रुख्मिणीबाई चहूकडं पाहून म्हणाली. "इथं इचाराले मानूसच नाही, माय."

परत येताना राजूनं त्यांना बाजारातल्या गल्लीत नेलं. धान्याचे व्यापारी कस्तुरचंद यांच्या घरामागं दोन खोल्या रिकाम्या होत्या. भाडेकरू पसंत करायचं काम त्यांच्या आईकडे, सुंदरबाईकडे. म्हातारीनं दोघींना गादीवर बसवलं, चहा पाजला, सरिताचं आडनाव ऐकलं आणि पुढं काही विचारलं नाही.

"देख बेटा, मी जात नाही इचारत. मी चूल इचारतो," ती म्हणाली. "कांदा-लसूण तू तुह्या खोलीत खाय, माही हरकत नाही. पन अंडं, मटन या घरात शिजनार नाही. जमत असन तं आजच सामान आन."

पहिल्यांदा कोणीतरी तोंडावर, सरळ बोललं होतं. सरिताला म्हातारी आवडली. पण यशूच्या अंगात रक्त कमी होतं. ते सरितानं स्वतःच्याच हातानं तपासलं होतं आणि डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं होतं.

"माह्या पोरीले अंडं द्याच लागते, मावशी."

"मंग नाही जमनार, बेटा," सुंदरबाई म्हणाली, आणि तिलाही खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

बाहेर आल्यावर रुख्मिणीबाई कुरकुरली. "हो म्हनून टाकलं असतं तं का बिघडलं असतं? अंडं तिले हातगाडीवर चारलं असतं."

"घर असून लेकीले मी रस्त्यावर चारू, आत्याबाई?"

"मंग चाल ललिताकडं. मी पह्यल्या दिवशीपासून सांगून राह्यली."

ललिताबाई ही रुख्मिणीबाईची मावसबहीण. पंचशीलनगरात राहायची. तिच्या घरालगतची खोली कधीची रिकामी होती. खालचा मजला होता, समोर विहार, पलीकडं शाळा, आणि दवाखानाही फार लांब नव्हता. खोलीत वाईट काही नव्हतं. पण सरिता तिकडं बघायलाही जाईना. कॉलनीतल्या पहिल्या घरच्या बाईनं निरोप देताना हेच सांगितलं होतं, "तुमच्या लोकायची वस्ती तिकडं हाये न." चौथ्या घरच्या माणसानं फाटकाच्या आडून तिकडंच हात केला होता. राजूनंही तेच सुचवलं, दवाखान्यातल्या एका सिस्टरनंही सुचवलं, आणि सगळ्यांनी सुचवलं ते भल्यासाठीच. सरिता तशाच एका वस्तीत जन्मली होती, तिथंच शिकली होती, तिला वस्तीचं वावडं नव्हतं. पण जो तो उठून आपल्याला एकाच दिशेला बोट दाखवतो याचा तिला संताप येत होता. ती सगळ्यांशी चिडून बोलायला लागली. यशूवर ओरडली, फोनवर नवऱ्याशी भांडली, एकदा तर रक्ताच्या नळीवर चिठ्ठी चुकीची लागता लागता राहिली.

अशात एक गुरुजी भेटले. निवृत्त मुख्याध्यापक, घर दवाखान्यामागच्या त्याच कॉलनीत, रक्तातली साखर तपासायला दवाखान्यात आलेले. बोलता बोलता म्हणाले, "आमच्याकडं खालची खोली खाली हाये. पाहून घ्या." त्यांनी खोली दाखवली, किल्ली दिली, पेशगी घेतली. आडनाव विचारलं नाही. "दवाखान्याचं मानूस, अजून काय पाह्यजे," एवढंच म्हणाले.

सरिताला दोन दिवस चैन पडेना. आपण होऊन सांगावं का?

"त्यायनं नाही इचारलं तं तू कायले सांगतं?" धम्मरत्न फोनवर म्हणाला. "आपुन का चोरी करून राह्यलो का?"

तेही खरंच होतं. तिनं सांगितलं नाही.

धम्मरत्न छोट्या टेम्पोत सामान घालून आला. गुरुजी बनियनवरच बाहेर आले, कूलरला त्यांनी स्वतः हात लावला, यशूला लिमलेटची गोळी दिली. बाज आत गेली, गव्हाचं पोतं उतरलं, भांड्यांचं टिपाड उतरलं. मग चादरीत गुंडाळलेल्या दोन मोठ्या तसबिरी उतरल्या. चादर घसरली आणि बुद्धाची अन् बाबासाहेबांची तसबीर उन्हात लखलखली. गुरुजींच्या बायकोनं दारातून पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळानं गुरुजींना आतून हाक आली. ते परत बाहेर आले तेव्हा त्यांनी अंगात सदरा घातला होता.

"बाई, तुमी पह्यले सांगाले पाह्यजे होतं."

"काय सांगाले पाह्यजे होतं?"

"तुमाले समजलं मी काय म्हनून राह्यलो ते."

"नाही समजलं, गुरुजी. तुमी सांगा."

गुरुजी रस्त्याकडं बघत राहिले. "मी शाळेत सगळ्या पोरायले एकसारखं शिकवलं," ते म्हणाले. "माह्या मनात काही नाही. पन घरात म्हातारी आई हाये. तिचं सोवळं-ओवळं असते. या वयात तिले कोन समजावनार?"

"मी समजावतो," रुख्मिणीबाई म्हणाली. ती गव्हाच्या पोत्यावर बसली होती आणि उठायचं नाव घेत नव्हती. "मी बी म्हातारीच आहो. घ्या मले आत, आमी दोघी बोलतो."

गुरुजी आत गेले आणि पेशगी घेऊन आले. धम्मरत्न पुढं झाला. "मी पोलिसात जातो," तो म्हणाला. "कायदा हाये. तुमी शिकेल मानूस, तुमाले मालूम नाही का?" शेजारच्या फाटकांवर माणसं येऊन उभी राहिली होती. यशू टेम्पोच्या सावलीत गोळी तोंडात तशीच धरून उभी होती.

सरितालाही एकदा वाटलं, जावंच ठाण्यात. तक्रार केली असती तर कदाचित खोली मिळालीही असती. पण मग त्या खोलीत रोज राहायचं तिला होतं, नळावर त्या बाईच्या समोर उभं राहायचं तिला होतं, आणि आपण ड्यूटीवर असताना लेक अन् सासू याच भिंतींच्या आत असणार होत्या.

"उठा, आत्याबाई," ती म्हणाली.

"मी नाही उठत."

"उठा ना ओ. माही ड्यूटी हाये." आणि तिचा आवाज असा काही चिरकला की रुख्मिणीबाई मुकाट्यानं उठली. उतरवलेलं सगळं सामान पुन्हा टेम्पोत चढलं.

रुख्मिणीबाईचा फोन गेला होता, पंचशीलनगरात ललिताबाई दारातच उभी होती. तिनं खोली झाडून ठेवली होती, पुसून ठेवली होती. "मले माईतच होतं तुमी येसान म्हनून," ती हसून म्हणाली. तिनं ते मायेनंच म्हटलं. पण ते ऐकल्याबरोबर सरिता टेम्पोच्या पुढच्या सीटवरून खाली उतरेना. सामान अर्धं उतरलं तरी ती तशीच बसून.

शेवटी ललिताबाईच तिच्याजवळ आली. तिचं हसू गेलं होतं. "काहून ओ सरिता? आमच्यात राहाची लाज वाटते का तुले? नोकरीवाली झाली म्हनून?"

इतक्या दिवसांत सरिता एकदाही रडली नव्हती. आता मात्र रागानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लाज नाही वाटत, मावशी. माह्या मनानं आली असती तं नाचत आली असती. पन मले हाकलत हाकलत आनलं ना इथं. सगळ्या गावानं मिळून आनलं."

"आमच्या सासऱ्याले बी तसंच आनलं होतं," ललिताबाई म्हणाली. मग पदर खोचून तिनं कूलरची एक बाजू धरली. "चाल, उतर आता. पानी भरून घे अगोदर, नळ जाईन."

सरिता उतरली.

खोली वाईट नव्हतीच. यशूला आठवड्याभरात मैत्रिणी मिळाल्या. सकाळी अंडं उकडायचं, कोणी नाक मुरडायचं नाही. रुख्मिणीबाई संध्याकाळी विहारात जाऊन बसायची आणि गुडघ्यांचं दुखणं पाच-सहा जणींना सांगून हलकी होऊन यायची. ललिताबाई भाजी पाठवायची. सरिताचा राग मात्र गेला नाही. वस्तीवर तो कधीच नव्हता, पण वस्तीत राहून तो मुरत गेला. दर रविवारी ती चप्पल घालायची आणि सासूला घेऊन खोली बघायला निघायची.

आता तिची पद्धत बदलली होती. फाटकाशीच उभी राहून ती एका दमात सांगायची, "आमी बौद्ध. घरात अंडं-मटन शिजते. लहान पोरगी, म्हातारी सासू. चालत असन तं खोली दाखवा."

"मॅडम, अगोदर खोली तं पाहा," हरिसिंग एकदा म्हणाला.

"नाही भाऊ. खोली पसंत पडल्यावर नाही म्हनलं तं लय लागते."

बरीच फाटकं तिथंच मिटायची. काही लोक चहाचं विचारायचे आणि पुतण्याची गोष्ट सांगायचे. असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाजारात गुरुजी दिसले की ते दुकानातल्या डब्यांकडं बघायला लागायचे आणि सरिता मुद्दाम त्यांच्या अगदी शेजारून जायची.

मग एका रविवारी दवाखान्यामागच्या गल्लीत रीता नावाच्या बाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं. नवरा ट्रकवर, घरात ती एकटीच. "चालते की," ती म्हणाली. "फकस्त चपला बाहेर काढा, आताच फरशी पुसली."

सरिता इतकी बावरली की चप्पल काढताना तिचा तोल गेला. रुख्मिणीबाईनं तिला दंडाला धरून आत नेलं.

खोली अंधारी होती. एका भिंतीला छतापर्यंत ओल चढलेली, पोपडे सुटलेले. ओटा न्हाणीला चिकटून. सरितानं भिंतीला हात लावला, दिवा लावून पाहिला, मोरीत पाणी ओतून पाहिलं. कोपऱ्यात बराच वेळ उभी राहिली.

"नाही ओ ताई," ती म्हणाली. "नाही आवडली."

"काहून? भाड्यात कमी-जास्त करू."

"भाड्याचं नाही. ओल हाये. पोरगी आजारी पडन."

"ते बाकी हाये," रीता म्हणाली. "उन्हाळ्यात मारून घेतो प्लास्टर. तवा पाहून जाजा."

गल्लीत आल्यावर रुख्मिणीबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "आता कोनी हो म्हनलं तं तुले नाही आवडली! इतके महिने पाय तुटले माहे, अन् आता तुले ओल दिसून राह्यली!"

"पसंत नाही पडली, आत्याबाई," सरिता म्हणाली. हे वाक्य बोलायला तिला बरं वाटलं. तिनं ते पुन्हा एकदा म्हटलं, आणि सासूचा हात धरून कोपऱ्यावरच्या पुढच्या पाटीकडं वळली.