मिस्त्री आणि सागाची जमीन

मिस्त्री लाकूड पारखायचे ते पायांनी. वखारीत कुणी फळी दाखवली, की ती जमिनीवर आडवी टाकायला लावायचे, चपला काढायचे आणि तिच्यावर उभे राहायचे. आधी टाचेवर भार, मग चवड्यावर, डोळे मिटलेले. मंगरूळपीरात त्यांना सगळे 'अनवाणी मिस्त्री'च म्हणत. मी पुण्यात शिकून आलेला सिव्हिल इंजिनिअर, पण माझ्याच ऑफिसात, माझ्याच खुर्चीत बसून गिऱ्हाईक विचारायचं, "मिस्त्री काय म्हणले?" खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही.

घरातही तेच. गार फरशीनं वडिलांचे गुडघे धरायचे, म्हणून त्यांच्या खोलीत लाकडी जमीन करायचं ठरलं. मी तीन लाकडांची तुलना करून छान तक्ता दिला. वडिलांनी तो घडी घालून उशीखाली ठेवला. "मिस्त्रीले इचारून पाहू," म्हणाले. माझा स्वतःचा बाप! मिस्त्रींनी साग सांगितला. माझ्या तक्त्यातही सागच पहिला होता. पण वडील आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, मिस्त्रीनं साग सुचवला.

शेलूबाजारला रस्त्यालगत गजाननभाऊंचा भाजीपाल्याचा मळा आहे. त्यांची मुलगी नाच शिकवते. तिच्या वर्गासाठी घरावर हॉल बांधायचा होता, लाकडी जमिनीचा. मी परदेशी ओक आणि लॅमिनेटचे नमुने नेले, मिस्त्रींनी साग, शिसव आणि बाभळीचे तुकडे आणले. माझ्या ओकवर सगळ्यांचे हात फिरत होते. मिस्त्री एकेका तुकड्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "हे सारे आठ दिवस स्लॅबवर राहू द्या. दिवसा ऊन, संध्याकाळी पाणी मारा."

आठ दिवसांनी लॅमिनेट पापडासारखं फुगलेलं, ओकला चिरा, बाभळीनं पीळ घेतलेला. शिसव आणि साग जागच्या जागी.

"शिसव पोरीच्या पायाले लई कडक," मिस्त्री म्हणाले. "बाभूळ गाडीच्या चाकाले, अन् नाचाले साग."

मुलगी हसली. गजाननभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हॉल उभा राहिला, साग आला. तिथली हवा मुरावी म्हणून मिस्त्रींनी पट्ट्या हॉलमध्येच पसरून ठेवल्या. "पावसाळ्यात लाकूड जेवते, साहेब, अन् उन्हाळ्यात उपास धरते. भिंतीपाशी बोटभर जागा सोडा लागते. त्याचं पोट सुटलं तर त्यानं जावं कुठं?" एवढं सांगून ते भावाच्या घरच्या लग्नासाठी आठवडाभर इंझोरीला गेले.

त्या आठवड्यात मी त्यांच्याच माणसांना कामाला लावलं. घाई गजाननभाऊंना नव्हती, मला होती. निदान ही एक जमीन माझ्या म्हणण्याप्रमाणे व्हावी, भिंतीपासून भिंतीपर्यंत अखंड. "बोटभर जागा?" कारागिरानं विचारलं. "काही गरज नाही," मी म्हणालो. कडेनं शोभेची पट्टी मारून घेतली. मिस्त्री परत आले तेव्हा काहीच दिसत नव्हतं.

आषाढात जमीन उठली. हॉलच्या मधोमध उंटाची पाठ. तिला अडखळून गजाननभाऊंची मुलगी पडली, घोटा सुजला. गजाननभाऊंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मिस्त्रींनी कडेची पट्टी उचकटली, भिंतीला भिडलेलं लाकूड पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून मेथीचे वाफे बघत होतो.

"माणसायले जागा सोडाचं सांगाचं राहून गेलं, भाऊ," मिस्त्री म्हणाले. "चूक माही हाये."

"तुमची? मिस्त्री, तुमी असं काहून केलं?"

"वय झालं." आणि ते गुडघे टेकून पट्ट्या काढायला लागले.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट पुन्हा हेवाच वाटला. जे नाव मला लोक वर्षानुवर्षं देत नव्हते, ते हा माणूस माझ्यासाठी असं सहज टाकून देऊ शकत होता.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "का केलंत असं?"

"तुमाले अजून लई घरं बांधाची हायेत, साहेब," एवढंच बोलले.

हॉल त्यांनी दुरुस्त करून दिला, एक पैसा न घेता. नंतर नवं काम घेतलं नाही. मला वाटलं, थकले असतील. हळूहळू लोक लाकडाचं मला विचारायला लागले. मी रुबाबात सांगायचो. सांगायचो ते बहुतेक त्यांचंच असायचं.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा गजाननभाऊ आधीच येऊन बसले होते. "माणूस सोन्यासारखा," ते म्हणाले. "आमच्या हॉलातच काय तो एकदा हात चुकला."

तीन वर्षं गिळलेलं तेव्हा तोंडातून बाहेर आलं. "भाऊ, ती चूक माझी होती. मिस्त्री इंझोरीला होते. जागा सोडू नका, असं त्यांच्या माणसांना मीच सांगितलं."

गजाननभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. बोलल्या त्या दाराशी बसलेल्या काकू, मिस्त्रींच्या बायको.

"मंग मले काहून नाई सांगतलं त्यायनं? त्या पावसाळ्यात मी रोज म्हणत होती, आता काम सोडा, तुमच्या हातात काही राह्यलं नाई. एक दिवस हत्यारं पुसली अन् पेटीत ठेवली त्यायनं. माह्या बोलण्यानं."

गजाननभाऊ उठून बाहेर गेले. काकू माझ्याकडे पाहत राहिल्या, मी काहीतरी बोलेन म्हणून.