डबी वाजली की थांबायचं

मुलीच्या इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, आणि घरात स्कूटर दोन असल्यामुळे तो आम्हा नवरा-बायकोच्या अंगावर आला. पुढच्या गाडीने मागच्या गाडीशी दिव्याने बोलायचं, असा तो प्रकार. मी ब्रेक दाबला की माझा मागचा दिवा डोळ्याला कळणार नाही इतका भराभर लुकलुकायचा आणि बायकोच्या हँडलवरची डबी ते ओळखून वाजायची.

"त्यापेक्षा ह्यांनी हात दाखवला तर?" बायकोने विचारलं.

"आई, हाताला मार्क नसतात."

आमच्या फुलपाड्यातल्या गर्दीत मला इतके ब्रेक दाबावे लागले की डबी एकसारखी कोकलत राहिली. म्हणून एका रविवारी संध्याकाळी आम्ही जवळच्या गिरीज गावी गेलो. नाताळ तोंडावर आला होता. पुढे मी, मागच्या गाडीवर बायको आणि तिच्या मागे मुलगी.

"डबी वाजली की थांबायचं. विचार करायचा नाही," मुलीने आईला बजावलं.

केळीच्या वाड्यांमधला मोकळा रस्ता बघून मला जरा चेव आला. वळणं घेत चर्चपाशी पोचलो, रुबाबात मागे पाहिलं, तर कुणीच नाही. फोन केला, उचलेनात. तशीच गाडी वळवली.

दोघी एका अनोळखी घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. समोर नेवऱ्यांची, म्हणजे नाताळच्या करंज्यांची, ताटली.

"काय झालं?" मी ओरडलो.

"तुम्हीच तर थांबवलंत," बायको घास सांभाळत म्हणाली. "डबी वाजली."

"मी ब्रेकला हातसुद्धा लावला नाही!"

मुलीने वर बोट दाखवलं. दारावर नाताळची चांदणी टांगली होती आणि तिच्यातले दिवेही तसेच, डोळ्याला न कळता, भराभर लुकलुकत होते. डबीला तो माझाच ब्रेक वाटला होता. दारात गाडी थांबलेली पाहून घरच्या बाई पाहुणे समजून बाहेर आल्या, आणि खुलासा होईपर्यंत बायकोची दुसरी नेवरी चालू झाली होती.

"चांदणी बंद करू काय?" बाईंनी विचारलं.

"नको काकी, मला तीच पाहिजे!" मुलगी म्हणाली. तिने तिथेच लॅपटॉप उघडला आणि माझ्या दिव्याच्या लुकलुकण्याला वेगळी खूण दिली. ती खूण दिसली तरच डबीने वाजायचं.

मग मी त्या घरासमोरून ब्रेक दाबत येरझाऱ्या घालू लागलो. शेजारच्या घरांतून दोघं-तिघं बाहेर आले.

"कुणाचं घर शोधता?" एकाने आपुलकीने विचारलं.

शेवटी डबी चांदणीसमोर गप्प बसली आणि माझ्या ब्रेकला वाजली. ओट्यावर टाळ्या पडल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या, तरी मी मान लववली.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "चाचणीत मुख्य अडथळा कोणता आला?"

"नाताळ, सर," मुलगी म्हणाली.

सर आधी बुचकळ्यात पडले. मग तिने सगळी हकिकत सांगितली, नेवऱ्यांसकट. मार्क चांगले पडले.