लाल बटण आणि डावी गुंडी

कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं की आमचे साहेब आधी आत फुंकर मारायचे आणि मग आमच्याकडे बघायचे. आम्ही कुणी श्वास घेतला तर धूळ बसेल, असा चेहरा. “घाई मोबाइलवाल्यांनी करावी,” हे त्यांचं ब्रीद. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर नशीबवान आहात.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात ते परचेस मॅनेजर होते. त्यांनी एक जुना, रोल घालायचा रेंजफाइंडर कॅमेरा घेतला आणि नवरदेवासारखा सजवला. चामड्याची केस, विणलेला पट्टा, भिंगावर पितळी हूड, पिवळा फिल्टर, शटरवर बसवायचं लाल बटण. लाल की काळं, यावर आठवडाभर आमची मतं मागवली आणि एकाचंही ऐकलं नाही. फोटो मात्र कुणी फारसे पाहिले नव्हते.

रोल भरण्याचा विधी जेवणाच्या सुट्टीत व्हायचा, आमचे डबे बाजूला सारून. फिल्मची जीभ उजव्या फिरकीच्या खाचेत घालायची, झाकण लावायचं, आणि पुढे प्रत्येक फोटोनंतर डावी गुंडी आपोआप फिरते का ते बघायचं. “गुंडी फिरली तर फिल्म सरकली. नाहीतर तुम्ही हवेचे फोटो काढताय!” हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्या गुंडीची शिसारी आली होती.

लेथवरचे शिंदेमामा निवृत्त झाले त्या दिवशी मामी कल्याणहून आल्या. ज्या मशीनचं ऑइल मामांच्या कपड्यांतून आयुष्यभर धुतलं, ते मशीन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते भंगारात जाणार होतं. मामांना एकच हवं होतं: मशीनपाशी दोघांचा फोटो.

आम्ही मोबाइल काढले.

“आत ठेवा ते! मामांना फोटो द्यायचाय, स्टेटस नाही.”

आम्ही निमूट आत ठेवले.

साहेबांनी तिथेच रोल भरला. नजर सगळी आमच्यावर, कारण लाल बटणाचं महत्त्व सांगायचं होतं.

“मामी, हात हँडलवर.”

“तेल लागंल की ओ साहेब.”

“लागू द्या!”

मामी लाजल्या, पण हात ठेवला. क्लिक. पुन्हा क्लिक.

डावी गुंडी हलत नव्हती. मला दिसलं, साहेबांना नाही. मी गप्प बसलो. होऊ दे एकदा फजिती, एवढंच मनात होतं. साहेबांची किळस यायची हे मी बऱ्याच जणांना सांगितलंय. गुंडीचं मात्र नाही सांगितलं.

रोल कोरा निघाला. “डोंबिवलीच्या लॅबवाल्यानं घाण केली,” असं त्यांनी मामांना फोनवर सांगितलं, माझ्यासमोर, लाल बटण रुमालानं पुसत. मशीन तोवर गेलं होतं. वर्षभरात साहेबही दुसऱ्या कंपनीत गेले, केस, पट्टा, हूड सगळं घेऊन.

मध्यंतरी मामांकडे कल्याणला गेलो. भिंतीवर फ्रेम होती. त्या दिवशी कारखान्याच्या वॉचमननं दारातून चोरून मोबाइलवर काढलेला फोटो. फ्रेमभर साहेबांची पाठ आणि मानेवर तो विणलेला पट्टा. मामा नाहीत, मामी नाहीत.

“साहेब झकास आलेत यात,” मामा म्हणाले. थट्टा नव्हती ती.

मग स्टुलावर चढून त्यांनी काचेवर बोट ठेवलं. साहेबांच्या कोपराखाली चार हिरव्या बांगड्या आणि एक काळं हँडल.

“हा हिचा हात.”

आतून मामींचा आवाज आला, “दोन दिवस निघालं नव्हतं ते ऑइल.”