नागरावालीची मतं

गोंदियातल्या आमच्या केबल चॅनलचा पुरस्कार सोहळा दर वर्षी डिसेंबरात, रविवारी, भर दुपारी होतो. फुलचूरकडच्या लॉनवर संध्याकाळी लग्नं असतात. दुपारी लॉन रिकामं असतं आणि आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं कमानीवर तशीच असतात. ती आम्हाला चालतात. सोहळ्याच्या नावाला बॅनरच्या दोन ओळी लागतात, त्यात ‘दूरचित्रवाणी’ आणि ‘गौरव’ हे दोन्ही शब्द आहेत. मुंबईतल्या सोहळ्यांत म्हणे नटनट्या लाल गालिच्यावरून चालत येतात. गालिचा आमच्याकडेही आहे, हिरवा, आणि त्यावरून सगळ्यात आधी केटररची माणसं पातेली घेऊन जातात.

बातम्या मी लिहिते आणि मीच वाचते. खालून सरकणारी पट्टीही मीच टाइप करते. सोहळ्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे आणि प्रेक्षकांच्या मतांची मोजणीही माझ्याकडे. एवढं सगळं एका बाईकडे असू नये हे मला कळतं. पण ऑफिसात माणसं इन मीन चार. त्यातली दोन कॅमेऱ्यामागे, एक मी आणि एक मालक.

एरवी या पुरस्कारांनी कुणाचं काही अडत नाही. ज्याला मिळतो तो ट्रॉफी दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवतो, ज्याला मिळत नाही तो दोन दिवस आमच्याशी बोलत नाही. त्या वर्षी मात्र तसं नव्हतं. लोक केबल काढून टाकत होते, सगळे मोबाइलवरच बघत होते, आणि मालकांनी ठरवलं की नवीन वर्षात आमच्या स्वतःच्या दोन कार्यक्रमांऐवजी एकच ठेवायचा. कोणता, ते प्रेक्षक ठरवतील. लोकप्रिय सादरकर्त्याचा पुरस्कार ज्याला, त्याचा कार्यक्रम राहील. दुसऱ्याचा बंद.

त्यातला एक फरमाइशी गाण्यांचा, हिंदीत. पंचविशीतला एक बडबड्या निवेदक तो करायचा. गोंदिया शहर हिंदीच बोलतं, त्यामुळे त्याला शहरात मान होता. दुसरा कार्यक्रम रानभाज्यांचा, दर बुधवारी अर्धा तास, अस्सल झाडीबोलीत, म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतल्या भाषेत. तो चिचगडच्या एक काकू करायच्या. पन्नाशीच्या, सातवी शिकलेल्या, घरी धानाची शेती. तरोटा कोवळा कसा ओळखायचा, कुड्याची फुलं किती वेळा उकळून पाणी फेकायचं, बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, कुठल्या आठवड्यात काढायचे, हे त्या कॅमेऱ्याकडे न बघता, थेट कढईकडे बघून सांगायच्या. चुकलं तर थांबायच्या नाहीत. ‘हे चुकलाच’ म्हणायच्या आणि पुढे जायच्या. मला त्यांचं काम आवडायचं. तसं मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण कुणालाच काही सांगायची माझी पद्धत नाही.

त्यांना तो कार्यक्रम का हवा होता, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, डबा खाताना. त्यांचं नाव पडद्यावर यायचं. मी टाइप केलेल्या पट्टीत, त्यांच्या हातांच्या खाली, नाव आणि आडनाव. सासरी तीस वर्षांत कुणी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. नवरा ‘अवो’ म्हणायचा, तोही आता नव्हता. पहिल्या बुधवारी पट्टीवर नाव आलं तेव्हा त्या टीव्हीजवळ जाऊन उभ्या राहिल्या होत्या म्हणे. हे सांगून त्या हसल्या आणि मला आंबाडीची चटणी वाढली. मी त्यांना काकू म्हणायचे आणि त्या मला मॅडम.

मतं मोबाइलवर मागवली होती. आवडत्या सादरकर्त्याचं नाव लिहून चॅनलच्या नंबरावर पाठवा, एवढंच. नियम मी लिहिले होते. नाव स्पष्ट हवं. एका नंबरावरून एकच मत. नुसता अंगठा, फूल किंवा जोडलेले हात पाठवले तर ते मत बाद. मी काटेकोर आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा माजही आहे. मालक म्हणाले, ‘‘अरे मॅडम, इतना क्या, इलेक्शन है क्या?’’ मी म्हटलं, करायचं तर नीट करायचं, नाहीतर तुम्हीच चिठ्ठी उचला.

मतं येत गेली. गाण्यांच्या निवेदकाला शहरातून भराभर आली. काकूंना देवरी, आमगावकडून तुरळक. आणि मधूनमधून एक भलताच निरोप यायला लागला: ‘नागरावाली’. नुसतं तेवढंच. कुणी ‘नागरावालीले मत’ लिहिलेलं, कुणी ‘आमचा मत नागरावालीले द्या जी’. मी विचार केला आणि मला उत्तर लगेच सापडलं, माझी उत्तरं मला नेहमी लगेच सापडतात. गोंदियाजवळ नागऱ्याला शंकराचं जुनं देऊळ आहे. तिथल्या महाशिवरात्रीच्या जत्रेचं आम्ही थेट प्रक्षेपण करतो, आणि त्या वर्षी तिथल्याच एका बाईंनी गर्दीत उभं राहून फार छान वर्णन केलं होतं. लोकांना त्या आठवत असणार. पण त्या स्पर्धेत नव्हत्या. मी ते सगळे निरोप एका बाजूला काढले, वर ‘बाद’ लिहिलं, उरलेली मतं दोनदा मोजली आणि निकाल पाकिटात घालून चिकटवला.

सोहळ्याच्या दिवशी काकूंचं गाव गाडी करून आलं. मळणी अर्धी टाकून, सकाळी अंधारात निघालेली माणसं. लॉनच्या डाव्या बाजूच्या चार रांगा त्यांनी भरल्या. बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या, पुरुषांच्या खांद्यावर दुपट्टे. काकू मात्र पुढे बसल्या होत्या, स्पर्धकांसाठी ठेवलेल्या खुर्च्यांत, नवीन जांभळं लुगडं नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

आधी सत्कार झाले. आमच्याकडे पुरस्काराआधी पाहुण्यांचा सत्कार होतो, मग ज्यांनी पाहुण्यांना आणलं त्यांचा, मग ज्यांचा राहिला म्हणून कुणीतरी चिठ्ठी पाठवतं त्यांचा. शाली संपल्या तेव्हा पहिल्या दिलेल्या दोन गुपचूप परत मागवून आणल्या. दीड तास गेला. मग लोकप्रिय सादरकर्त्याची वेळ आली आणि मी दोन्ही नावं पुकारली.

आधी गाण्यांच्या निवेदकाचं. उजवीकडून शिट्ट्या आल्या. मग मी काकूंचं नाव घेतलं, पट्टीत टाइप करायचे तसं पूर्ण, आडनावासकट. डाव्या चार रांगा गप्प. कुणी टाळी वाजवली नाही. माणसं एकमेकांकडे बघत होती, कोण ही, अशा चेहऱ्यानं. मला वाटलं, माइक बंद पडला. मी नाव पुन्हा घेतलं. तेव्हा काकू उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मागे वळून नमस्कार केला. दुसऱ्या रांगेतला एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, ‘‘अरे, हे त आपली नागरावाली होय.’’

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा त्या लॉनवर मी लग्नातही ऐकला नाही.

मी माइक धरून उभी होते आणि आता कुठे मला कळलं. माहेर नागरा. लग्न होऊन चिचगडला आली ती नागरावाली. आमच्या भागातल्या गावांत सुनेला माहेरच्या गावानं ओळखतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं स्वतःचं सासर सडक-अर्जुनीकडचं. वर्षातून दोनदा तिथं जाते तेव्हा मी गोंदियावाली असते. माझं नाव तिथं नणंदेखेरीज कुणाला सांगता येणार नाही. तरीही ते निरोप वाचताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण ऑफिसच्या खुर्चीत मी गोंदियावाली नसते.

पाकीट प्रमुख पाहुण्यांच्या हातात होतं. ते चष्मा शोधत होते. तेवढा वेळ माझ्याकडे होता. थांबा, मोजणीत चूक आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. मला समोर मालक दिसत होते, उजवीकडच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, आणि नियम मी लिहिले होते. मी पुढचं वाक्य वाचलं: आता उत्सुकता शिगेला पोचली आहे. पाहुण्यांनी पाकीट फोडलं आणि गाण्यांच्या निवेदकाचं नाव वाचलं. पोरगा उड्या मारत वर आला. त्यानं खाली जाऊन काकूंच्या पाया पडून घेतलं, हे त्यानं चांगलं केलं. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

जेवणाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या. पत्रावळ हातात होती, पण तिच्यात काही वाढून घेतलेलं नव्हतं. सोबत त्यांची मोठी जाऊ होती.

‘‘मॅडम, आमच्या गावचे सारे मत देल्लो म्हनत होते. मले किती आले?’’

मी सांगितलं, थोडी कमी पडली. मला वाटलं होतं की त्या मान हलवतील आणि बुंदी घ्यायला जातील. त्या जावेकडे वळल्या. चढ्या आवाजात नाही, पण ज्या सुरात बोलल्या तो सूर मी कार्यक्रमात कधी ऐकला नव्हता. मत दिलं नव्हतं तर दिलं म्हणून कायले सांगितलं, मी काही मागायला आली होती का, असं त्यांनी विचारलं. जाऊ गोंधळली. तिनं शपथ घेतली, पोरांची घेतली. काकूंनी ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. माझ्या एका वाक्यानं अख्खं गाव खोटं पडलं होतं आणि मी पाण्याचा ग्लास धरून बघत होते.

मग जावेनं पदराच्या गाठीतून मोबाइल काढला, कुणाकडून तरी तो निरोप उघडून घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. ‘नागरावालीले मत.’ पाठवला का नाही, तुम्हीच सांगा, म्हणाली.

आता बोलणं भाग होतं. मी म्हटलं, हे आलं होतं. असे बरेच आले होते. यात तुमचं नाव नव्हतं म्हणून मी ते धरले नाहीत. नागरावाली म्हणजे तुम्ही, हे मला आत्ता स्टेजवर कळलं.

काकूंनी मोबाइल हातात घेतला आणि ते दोन शब्द बराच वेळ वाचले. त्या मला काहीतरी बोलतील म्हणून मी तयारीत होते. पण त्या जावेशीच बोलल्या.

‘‘मंग माझा नाव काऊन नाही लिवला?’’

‘‘तुझा नाव आमाले कोठी मालूम?’’

‘‘टीव्हीवर त दर बुधवारी येत होता.’’

‘‘आमी का पट्टी वाचत होतो?’’ जाऊ म्हणाली. ‘‘आमी त तुलेच पाहत होतो.’’

जावेनं त्यांच्या हातातली पत्रावळ घेतली, पुऱ्या वाढून आणल्या आणि दोघी गावकऱ्यांत जाऊन बसल्या. गाडी चारला निघाली. निघताना त्यांनी मला नेहमीसारखा हात केला. मला त्याची लाज वाटली.

घरी येऊन मी बाजूला काढलेले निरोप मोजले, दोनदा, माझ्याच नियमानं, एका नंबरावरून एक. काकू जिंकल्या होत्या. थोडक्यात नाही, चांगल्याच. दुसऱ्या दिवशी मी कागद मालकांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, आणि मला म्हणायलाच हवं, त्यांना वाईट वाटलं. पण ट्रॉफी दिली गेली होती, फोटो छापून आले होते आणि नवीन वर्षाच्या जाहिरातीही गाण्यांच्या कार्यक्रमासाठी घेऊन झाल्या होत्या. आता पोराकडून परत काय मागायचं, म्हणाले. मी आग्रह धरला नाही. रानभाज्यांचा शेवटचा भाग डिसेंबरच्या शेवटच्या बुधवारी लागला. त्यात काकूंनी वाळवलेल्या मोहफुलांची भाकर केली होती. तो आधीच चित्रित करून ठेवलेला असल्यामुळे त्यांना गोंदियाला यावं लागलं नाही.

मला मात्र चैन पडेना. बातम्या वाचताना जीभ अडखळायला लागली, जे माझं कधी होत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी काकूंना फोन लावला. पहिल्यांदाच त्यांच्या नावानं सुरुवात केली, काकू म्हटलं नाही. पलीकडे कोंबड्यांचा आवाज होता. मी सगळं सांगितलं. मोजणी पुन्हा केली, तुम्हीच जिंकला होता, स्टेजवर माझ्या लक्षात आलं होतं आणि तरी मी गप्प बसले, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर मला एकदम हलकं वाटलं.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, कार्यक्रम पुन्हा सुरू होणार का. मी म्हटलं, नाही.

‘‘मंग आता मले सांगून राहिल्या कायले?’’

आणि त्यांनी फोन ठेवला.