कुंकवाखालचा नंबर

ती पांढरी डिझेल पिकअप अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. चोरीच्या गाड्या मी नोकरीत पुष्कळ पकडल्या, पण या एका गाडीपायी एका मुलीचं ठरलेलं लग्न पणाला लागलं. म्हणून ती लक्षात राहिली. नावं कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा म्हैसूरच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. दसरा नुकताच झालेला. सकाळची हजेरी उरकून बसलो होतो, तेवढ्यात एक भंगारवाला आला. म्हणाला, "सार, अपघातात चेंदामेंदा झालेली एक पिकअप मी स्वतः तोडून विकली. त्याच नंबरची गाडी काल शहराबाहेर बेळगोळच्या रस्त्यावर धावताना बघितली."

"मग मला का सांगतोस?"

"उद्या तुम्ही मलाच उचलाल म्हणून."

खरं बोलला. खबर देणारे पुष्कळसे असेच स्वतःच्या भीतीपोटी येतात, आणि त्यांची खबर बहुतेक वेळा पक्की निघते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ती गाडी अडवली. मागे जेवणाची पातेली होती. मालकीण गाडीतच होती, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या मराठी घरातली. नवरा वारल्यावर तिने बेळगोळच्या कारखान्यांना जेवण पुरवायचं काम उभं केलं होतं, आणि ते वाढलं म्हणून ही जुनी गाडी घेतली होती. कागद अजून तिच्या नावावर झाले नव्हते. आधीच्या मालकाचेच होते, पण तपासले तर अगदी बिनचूक.

मग मी वाकून चासीवरचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर बघायला गेलो. तिथे हळद, कुंकू आणि गंधाचा जाड थर सुकून बसला होता. आयुधपूजेला आमच्याकडे झाडून सगळ्या गाड्यांची पूजा होते, ठाण्यातल्या बंदुकाही त्यातून सुटत नाहीत. पण पूजा होते ती बॉनेटला, स्टिअरिंगला, चाकांना. चिखल उडतो त्या लोखंडी पट्टीला कोण गंध लावतो?

हवालदार हात लावायला तयार होईना. "सार, पूजेची जागा आहे."

"देवी रागावली तर मी बघून घेईन. रॉकेल आणि फडकं आण."

थर निघाला आणि खाली कानशीने घासलेलं लोखंड दिसलं. त्यावर नवे आकडे ठोकलेले, एक वर, एक खाली. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अण्णा, विकणाऱ्यानेच पूजा करून दिली होती. मी कशी पुसणार?"

"विकणारा कोण?"

"कोणी दलाल होता. नाव आठवत नाही."

जो नाव खरोखर विसरलेला असतो, तो आठवायची धडपड करतो. बाई धडपड करत नव्हत्या. कुणाला तरी पाठीशी घालत होत्या. पंचांसमोर पंचनामा केला, गाडी जप्त केली. बाईंना स्पष्ट सांगितलं, चोरीचा माल जाणूनबुजून बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावर लागू शकतो. त्यांनी मान खाली घातली, पण नाव काही सांगितलं नाही.

तज्ज्ञाने त्या पट्टीवर आम्ल लावलं. घासून काढलेले आकडे असे पुन्हा दिसू लागतात. मूळ नंबर पिरियापट्टणच्या एका चोरीच्या फिर्यादीशी जुळला. फिर्यादी तंबाखू पिकवणारा म्हातारा शेतकरी. ओळख पटवायला त्याला बोलावलं, त्याच दिवशी बाईंना पुरवणी जबाबाला बोलावलं होतं. त्यांची मुलगी सोबत होती.

म्हाताऱ्याने गाडीवरून हात फिरवला आणि कानडीत म्हणाला, "माझा मुलगा ही चालवायचा. त्यानेच परस्पर विकली, असं मी चार लोकांत बोललो. तो घर सोडून गेला. आता कुठल्या तोंडाने बोलावू त्याला?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मुलगीच माझ्यापुढे आली. "मामा, गाडी माझ्या होणाऱ्या दिराने विकली."

"गप्प बस गं. लग्न मोडेल."

"मोडू दे, आई. गाडी घेताना म्हणालीस, सोयरे आहेत, खोदून विचारलं तर बरं दिसत नाही. मला देतानाही तेच म्हणालीस."

त्यानंतर बाईंनी सगळं सांगितलं. त्यांना चोरीचं ठाऊक नव्हतं, म्हणून त्या साक्षीदार झाल्या. दीर दुपारी सापडला. आधी अरेरावी केली, मग आम्लाने उमटलेल्या आकड्यांचा फोटो समोर ठेवला तेव्हा नरमला. भंगारातल्या गाडीचे कागद घ्यायचे, तशीच गाडी चोरायची आणि तिच्यावर तोच नंबर ठोकायचा, हा त्याचा धंदा होता.

संध्याकाळी नवरा मुलगा भावासाठी रदबदली करायला आला. मायलेकी अजून ठाण्यातच होत्या. मी विचारलं, "तुला हे ठाऊक होतं?"

तो चाचरत म्हणाला, "होतं, सार. पण सख्खा भाऊ आहे."

मुलगी शांतपणे म्हणाली, "त्याच गाडीतून आमच्याबरोबर चामुंडी डोंगरावर दर्शनाला आला होतात. समोरच्या सीटवर आईशेजारी बसून."

बाई उठल्या, मुलीचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "अण्णा, गाडी जाऊ दे. माझी पोर तरी वाचली." मग त्या बाहेर गेल्या आणि जिन्यात बसून रडल्या. मला आत ऐकू येत होतं. फार वाईट वाटलं.

कोर्टाच्या हुकमाने गाडी म्हाताऱ्याला मिळाली. न्यायला त्याचा मुलगा आला होता. बाई भाड्याच्या ऑटोतून पातेली नेऊ लागल्या.

जुनी पिकअप घेताना काय बघावं, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगतो, सकाळी इंजिन थंड असताना जा आणि स्वतः चालू करून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवलंय. धूर काळा की निळा ते बघा. तेलाचं झाकण काढून वाफ किती येते ते बघा. खाली वाकून वेल्डिंग शोधा. चासीचा आणि इंजिनचा नंबर स्वतः वाचा, आरटीओत जाऊन पडताळा, आणि गाडीवर कर्ज नाही याची खात्री करा. हे सगळं करू दिलं तर विकणारा बहुधा सरळ असतो. पण तो हसून म्हणाला, "आपल्या माणसांत कसली तपासणी?", तर पायात चपला घाला आणि चालत घरी या.