बीपकाकूंचं वाण

बीपकाकूंचं मशीन सगळ्यात आधी त्यांनाच ओळखायचं. शेतात उभं राहून मेटल डिटेक्टर चालू केला, की पहिली बीप त्यांच्याच पायाची. वेलिंग्टन बुटात, तीन मोज्यांच्या खाली, चांदीची जोडवी असत. "काकू, तेवढ्यापुरती काढून ठेवा ना," असं मी एकदा म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घटस्फोटाचे कागदच पुढे केलेत. "अगं, बीप झाली म्हणजे मशीन चालू आहे. वेगळं टेस्टिंग नको." मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टर होते, त्यामुळे मला ते पटलंच.

मी नुकतंच लग्न होऊन पुण्याहून लेस्टरला गेले होते, तेव्हा नवरा आणि मी त्यांच्या घरात वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो. दोन हजारच्या दशकाचा मधला काळ. काकू हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीला लोक घड्याळ देतात, यांना सहकाऱ्यांनी मेटल डिटेक्टर दिला होता, कारण लॅबमध्ये कुणाचाही हरवलेला चष्मा, किल्ली, कानातलं यांनाच सापडायचं. आम्हा मराठी मंडळींत त्या दिवसापासून त्या बीपकाकू झाल्या, आणि त्यांना ते नाव मनापासून आवडायचं.

पहिल्या हिवाळ्यात मी रेडिएटरला पाठ लावून बसायचे ती उठायचेच नाही. काकू खालून हाक मारायच्या, "त्या रेडिएटरशी काय संसार मांडलायस? चल शेतात! रिकाम्या हाताला थंडी जास्त वाजते." हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. सर्दी, कंटाळा, घरची आठवण, कशावरही तेच औषध. मग माझ्या हातात छोटं फावडं यायचं आणि शनिवारच्या झोपेचं खोबरं व्हायचं.

त्यांचा शेतावरचा पोशाख बघण्यासारखा असे. आत थर्मल, वर काकांचा पायजमा, त्यावर पँट, दोन स्वेटर, कानटोपी आणि कानटोपीवर हेडफोन. खिशांत दोन गरमागरम भाजलेले बटाटे, तेही काकांच्या जुन्या मोज्यांत गुंडाळलेले, कारण फॉइल बीप करतं. त्यांनी हात शेकायचे आणि भूक लागली की लसणीच्या चटणीबरोबर खायचे. मोज्यांचा वास येतो, अशी तक्रार मी केली. "धुतलेत," काकू म्हणाल्या. काका मात्र बांधाशी गाडीत हीटर लावून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसायचे आणि सबंध सकाळीत एखादा शब्द बोलायचे. तोही बहुधा "चहा?" एवढाच.

काही सापडलं, की खड्डा बुजवण्याआधी काकू माझ्याकडे पाठ करून त्यात काहीतरी टाकायच्या. कधी चिमूटभर हळद-कुंकू, कधी साखर, कधी लाडूचा तुकडा. "शेजारणीचं भांडं रिकामं परत देतो का आपण? तसंच हे," असं त्यांचं म्हणणं. इंग्लंडच्या मातीत मी एवढे लाडू पुरलेले पाहिलेत, की तिथल्या गांडुळांना गोडाची सवय लागली असणार.

एरवी सापडायचं काय, तर बटणं, ट्रॅक्टरचे बोल्ट आणि डबडी. पण त्या डिसेंबरात ओढ्याकाठच्या कोपऱ्यात मशीन थांबेचना. एकाच खड्ड्यातून हिरवट, जड, आतून पोकळ अशा पाचरीसारख्या वस्तू निघत राहिल्या. काकूंना वाटलं, जुन्या नांगराचे तुकडे. घरी येऊन त्यांनी त्या चिंच लावून अशा घासल्या, की देवघरातल्या समया लाजाव्यात. मग त्यांच्या डोक्यात कल्पना आली. "संक्रांतीचं वाण! दरवर्षी तेच ते स्टीलचे डबे कशाला?"

झालं. संक्रांतीला काकूंनी काळी चंद्रकळा नेसली, काळा रंग ऊब धरतो म्हणून, शिवाय आतून थर्मल होतंच, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला तिळगुळाबरोबर एकेक पाचर लुटली. एकीनं त्यावर नारळ फोडायला सुरुवात केली. एकीनं पाचरीच्या पोकळीत उदबत्त्या लावल्या. मी माझी खडखडणाऱ्या खिडकीत ठोकली आणि वारा यायचा थांबला. मंदाताईंनी मात्र ती देवघरात ठेवून पूजली, आणि त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा पाचव्या खेपेला ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला.

उरलेली एक पाचर काकूंनी सहज म्युझियमच्या तज्ज्ञाला दाखवली. गोरा, लाजरा, तरुण माणूस. तो आधी हरखला. ही कांस्ययुगातली कुऱ्हाड, तीन हजार वर्षांपूर्वीची! मग त्यानं ती जवळून पाहिली. "व्हॉट डिड यू क्लीन इट विथ?"

"टॅमरिंड," काकू अभिमानानं म्हणाल्या. "व्हेरी गुड शाइन."

तो खुर्चीत बसला. जरा वेळानं त्यानं बाकीच्यांची चौकशी केली, तेव्हा काकूंनी त्याला हळदीकुंकू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं पाणी मागितलं.

तो म्हणाला, सगळं एकत्र सरकारकडे नोंदवावं लागेल, आणि शेताच्या मालकालाही सांगावं लागेल. शेतकरी टॉम भला माणूस, पण न विचारता आपल्या शेतातलं गावभर वाटलं म्हटल्यावर भडकला. "ऑल ऑफ देम बॅक, ऑर नो मोअर फील्ड, लव्ह."

वस्तू परत मिळवणं सोपं होतं, फोन करायचे एवढंच. पण काकूंनी रिसीव्हरला हात लावला नाही. "वाण कुणी परत मागतं का? शेत गेलं तर जाऊ दे." असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. दोन दिवसांनी पाहिलं, तर घरात हीटिंग असूनही काकू कुडकुडत होत्या. हात मांडीवर, रिकामे. त्या बाईला थंडी वाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला भीती वाटली. शेत गेलं, तर ही बाई याच खुर्चीत गोठणार होती.

तेव्हा वर्तमानपत्राआडून काका बोलले. "रथसप्तमी व्हायचीय अजून. आता त्या बायकांनीच हळदीकुंकू करावं. तुला तेच वाण लुटावं." एवढं बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

काकांनी एका दमात तीन वाक्यं बोलल्याचा धक्का ओसरल्यावर मी सगळ्यांना फोन केले. पुढचा सबंध आठवडा काकू घरोघर हळदीकुंकवाला गेल्या आणि प्रत्येक घरून एक कुऱ्हाड घेऊन आल्या. मीही माझी खिडकीतून उपटून त्यांची ओटी भरली. राहिल्या मंदाताई. "धाकट्याची टेस्ट अजून व्हायचीय," म्हणून त्या अडून बसल्या होत्या. अखेर रथसप्तमीच्या संध्याकाळी त्यांनीही बोलावलं आणि डोळे पुसत कुऱ्हाड काकूंच्या पदरात घातली. धाकटा पुढे नापासच झाला, आणि ते त्यांनी काकूंना जन्मभर ऐकवलं.

सगळ्या कुऱ्हाडी म्युझियममध्ये पोचल्या, तज्ज्ञानं त्या भिंगातून पाहिल्या आणि तो उसळलाच. "रेड पिगमेंट! येलो पिगमेंट! सम काइंड ऑफ रिच्युअल?"

"येस, रिच्युअल," काकू म्हणाल्या. "लास्ट ट्यूसडे."

टॉमनं तिळगूळ खाल्ला, दात सलामत आहेत का ते चाचपलं आणि शेत काकूंना परत दिलं. दुसऱ्याच सकाळी काकू ओढ्याकाठी हजर. "तू गाडीत बस," असं मला बजावून एकट्याच त्या कोपऱ्यात काहीतरी करून आल्या.

पुढे आम्ही लंडनकडे, हाउन्सलोला राहायला गेलो. काही वर्षांनी काकू गेल्याचा फोन आला, तोही हिवाळ्यातच. भेटायला गेले, तेव्हा काकांनी डिटेक्टर माझ्या हातात ठेवला. "तिनं सांगून ठेवलंय. भेट नाही, वाण आहे. परत देता येणार नाही."

मी त्याच दिवशी टॉमच्या शेतावर गेले. काका गाडीत बसले. मशीन चालू केलं, आणि सवयीनं पहिल्या बीपची वाट पाहिली. ती आली नाही. तेव्हा मला रडू आलं, ते थेट ओढ्याकाठच्या कोपऱ्यापर्यंत पुरलं.

तिथे मात्र मशीन कोकललं. खणलं, तर स्टीलची वाटी निघाली, पालथी. माती पुसली, तर कडेला नाव घातलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं: 'बीपकाकूंकडून, संक्रांतीनिमित्त.' एवढ्या कुऱ्हाडी देणाऱ्या शेतालाही त्यांनी रिकामं ठेवलं नव्हतं.

वाटी घेतली. खिशात तिळाची वडी होती, ती खड्ड्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी माती लोटली. बाहेर गोठवणारा वारा होता. मला थंडी वाजत नव्हती.