धाकटीचं माप

ऑफिसात त्यांना सगळे टेलरमास्तर म्हणायचे. नुसतं मास्तर म्हटलं तरी चालायचं. सुईदोऱ्याशी त्यांचा संबंध शर्टाचं तुटलेलं बटण लावण्यापुरता. ते व्हिडिओ गेम बसवायचे. त्यांची कंपनी गेम तयार करून विकायची आणि एकच गेम तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या मशीनवर, चालवावा लागायचा. ऑफिसात या तीन कन्सोलना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं पडली होती. थोरली आणि मधली दोघी पोटाने मोठ्या, काहीही कोंबा, मावायचं. धाकटी पांढरी, चपटी, जाडजूड वहीएवढी, आणि तिची मेमरी अगदी बेताची. थोरलीच्या मापाचा गेम कापून, दुमडून धाकटीच्या अंगात बसवायचा, हे मास्तरांचं काम. अकरा वर्षं ते हेच करत होते आणि त्यांना त्याचा कंटाळा आला नव्हता.

धाकटीचं नशीब मात्र खडतर. नवे गेम निघत नाहीत म्हणून लोक ती घेईनात, आणि लोक घेत नाहीत म्हणून गेमवाले तिच्यासाठी गेम काढीनात. आधी कोणी पुढे व्हायचं, हा प्रश्न. बाकीच्या कंपन्यांनी तो फार सोपा करून टाकला. एकेकीने काढता पाय घेतला. मास्तरांची कंपनी टिकून होती, पण ती काही धाकटीवरच्या प्रेमापोटी नाही. मास्तर एकटेच सगळं काम उरकत, त्यामुळे कोणाला तोशीस पडत नव्हती, एवढंच.

यंदाचा गेम फेरीबोटीचा होता. नदीच्या या काठावरून त्या काठावर बोट न्यायची, माणसं चढवायची, उतरवायची, वारा सुटला तर सांभाळून घ्यायचं. तो खुद्द मॅडमनी रचला होता. मॅडम म्हणजे कंपनीच्या मालकीण, मास्तरांहून दहा वर्षांनी लहान, बोलायला सरळ, आणि चिडल्या की आवाज वाढवण्याऐवजी कमी करणाऱ्या. भर मीटिंगमध्ये त्यांनी सांगून टाकलं, "फेरी धाकटीवर वेळेत बसली, तर पुढचंही बघू. नाही बसली, तर धाकटी बंद. मग मास्तर थोरलीच्या टीममध्ये येतील."

थोरलीच्या टीममध्ये आपल्या वाट्याला काय येणार, हे मास्तरांना पाठ होतं. मेनूतली बटणं निळी करायची. मग कोणीतरी म्हणणार, हिरवी बरी दिसतील. मग हिरवी करायची. महिनाभराने पुन्हा निळी. रिटायर व्हायला आठ वर्षं होती. आठ वर्षं निळं-हिरवं.

"बसतंय, मॅडम," ते म्हणाले. "अख्खा गेम बसतोय. काही कापावंही लागलं नाही फारसं."

इथेच खरं तर त्यांना शंका यायला हवी होती. अकरा वर्षांत धाकटीवर कधी काही न कापता बसलं होतं का? पण चांगली बातमी आली की माणूस तिची उलटतपासणी करत नाही.

त्या रविवारी दुपारी मास्तर गेम घरी घेऊन आले. घरी टीव्हीखाली एक धाकटी होती, दुकानातून रीतसर विकत घेतलेली. ती मास्तरांची नव्हे, त्यांच्या बायकोची. बायको इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती. आठवडाभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दुसऱ्यांचं रक्त तपासायचं आणि रविवारी सोफ्यावर पाय वर घेऊन तासभर खेळायचं, हा तिचा नेम. त्या तासात घराला आग लागली तरी तिला सांगायचं नाही, असा अलिखित करार होता.

तिने बोट काठावरून सोडली, वळवली, मधल्या बंदराला नेऊन लावली. माणसं उतरायला लागली. आणि पडदा काळा झाला.

"बिघडलं का हो मशीन?" तिने विचारलं.

मास्तरांना त्याच क्षणी कळलं होतं. कन्सोल बनवणारी कंपनी गेमवाल्यांना कामासाठी एक वेगळं मशीन देते, त्याला किट म्हणतात. दिसायला धाकटीसारखंच, पण त्याची मेमरी दुप्पट, म्हणजे काम करताना हात मोकळा राहतो. मागच्या बाजूला एक स्विच असतो: एकीकडे केला की दुप्पट मेमरी, दुसरीकडे केला की घरच्या मशीनइतकीच. चालतंय की नाही ते बघायचं तर घरच्या बाजूला करून बघायचं. या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते. मास्तरांनी दोन महिन्यांपूर्वी एक चूक शोधायला स्विच पलीकडे केला होता आणि परत अलीकडे करायला विसरले होते. दोन महिने ते दुप्पट मापाच्या अंगावर कपडे बेतत होते आणि काय छान बसतंय म्हणून खूश होत होते.

बायकोच्या प्रश्नाला नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. मशीन जुनंच होतं.

"मशीन नाही बिघडलं," मास्तर म्हणाले. "मी बिघडलोय." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. लॅबमध्ये वाईट रिपोर्ट हातात आला की ती जशी ऐकायची, तशीच तिने ते मान डोलावत ऐकलं.

"आता काय कापणार?"

"तेच कळत नाही. ढग कापले, पक्षी कापले, पाण्यातली सावलीसुद्धा अर्धी केली, तरी पुरणार नाही. पाणी काढलं तर नदी कसली? राहिली ती माणसं. बोटीत सत्तर माणसं आहेत. पण गर्दी मॅडमची लाडकी आहे."

"सत्तर कुठली?" बायको म्हणाली. "तोंडं तीनच आहेत. मी मोजली. एक टक्कलवाला, एक लाल स्वेटर आणि एक पोनीटेल. तेच पुन्हा पुन्हा. कोण उतरलं, कोण राहिलं, मला काही फरक पडत नाही. त्यापेक्षा सातच ठेवा हो. पण ओळखीची."

सूक्ष्मदर्शकाखाली आयुष्य काढलेल्या बाईपुढे गर्दीचं सोंग टिकणार थोडंच.

सोमवारी सकाळी मास्तर मॅडमच्या केबिनमध्ये गेले. रात्रभर त्यांनी भाषण जुळवलं होतं. त्यातलं एक वाक्यही कामी आलं नाही. "बसत नाही," एवढंच म्हणून त्यांनी स्विचची गोष्ट सांगितली.

मॅडमचा आवाज खाली गेला. "तुम्ही, मास्तर? दुसऱ्या कोणी असं केलं असतं, तर मी तुम्हालाच पाठवलं असतं त्याला झापायला."

"मीही झापलंच असतं."

"तपासणीला किती दिवस आहेत?" विकायला काढण्याआधी कन्सोलवाली कंपनी गेम स्वतः खेळून बघते, त्याची तारीख ठरलेली असते.

"नऊ. होईल. पण सत्तर माणसांची सात करावी लागतील."

"गर्दी म्हणजेच फेरीबोट, मास्तर. सात माणसांची काय फेरी? ती होडी झाली."

"करून दाखवतो. नाही आवडलं, तर मी आपण होऊन थोरलीकडे जातो. बटणं रंगवतो."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. खाली दात काढणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना होता आणि त्याच्या मशीनचा बारीक आवाज वर येत होता. "नऊ दिवस," त्या म्हणाल्या.

मास्तर कामाला लागले. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी स्विच घरच्या बाजूला केला आणि त्यावर चिकटपट्टी मारली. मग सत्तर माणसं काढली. काढताच एवढी जागा मोकळी झाली, की सातांना सात वेगळी तोंडं देता आली, सात चाली देता आल्या. अंथरूण पाहून पाय पसरायचे ठरवले की अंथरूणही तितकं आखूड वाटत नाही. आता ही सात माणसं आणायची कुठून? मास्तरांना गोष्टी रचता येत नव्हत्या, म्हणून त्यांनी जवळची माणसं उचलली. बोटीत बसल्याबरोबर झोपणारा आणि नेमका आपल्या बंदरावर जागा होणारा एक गृहस्थ. तो हिशेब विभागातला. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणी, एक बोटीच्या या टोकाला, एक त्या टोकाला. त्या मास्तरांच्या आत्या. आणखी तिघं अशीच इकडची तिकडची. आणि बगलेत दुरुस्तीचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन रोज उशिरा धावत येणारी एक बाई. ती कोण, हे मास्तरांनी कोणालाच सांगितलं नाही.

आठव्या दिवशी मॅडम त्यांच्या टेबलाशी आल्या. आधी वाकून किटच्या मागची चिकटपट्टी बघितली. मग खुर्ची ओढून खेळायला बसल्या.

पहिल्या फेरीत त्यांनी नुसती बोट सांभाळली. दुसऱ्या फेरीत त्या दोन बहिणींकडे बघून त्यांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. तिसऱ्या फेरीला बोट सुटायची वेळ झाली, बोटीचा भोंगा वाजला, आणि बोटीत सहाच माणसं होती. मॅडमचा अंगठा बटणावर तसाच राहिला. काठ रिकामा होता. मग लांबून घड्याळ सावरत, साडीचा घोळ गोळा करत ती बाई धावत येताना दिसली. चढली. बसली. मॅडमनी बोट सोडली.

"थांबल्याचे पॉइंट मिळतात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. उलट दोन जातात."

"मग मी का थांबले?"

मॅडमनी आणखी एक फेरी मारली आणि उठल्या.

"पाठवा तपासणीला," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या गेमची माणसं मी लिहायला घेण्याआधी तुम्ही मला मोजून द्या. धाकटीच्या मापाने."

म्हणजे पुढचा गेमही धाकटीवर निघणार होता. मास्तर जागेवर बसले आणि उगीचच टेबल पुसायला लागले. ते स्वच्छच होतं.

गेम निघाला. धाकटीला त्यामुळे फार चांगले दिवस आले असं काही नाही; बुडत्या कन्सोलला एक फेरीबोट किती तारणार? पण ज्यांच्या घरी धाकटी होती, त्यांनी तो घेतला, आणि त्यातल्या पुष्कळांनी कंपनीला लिहिलं. घड्याळ दुरुस्त कधी होणार, असं विचारणारीच पत्रं जास्त होती. मास्तरांनी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: प्रयत्न चालू आहेत.

त्या महिन्यातल्या एका रविवारी मास्तर आणि बायको, दोघांना तिच्या भावाकडे जायचं होतं, चारला. साडेतीनलाच मास्तर बूट घालून दारात उभे. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली होती आणि सव्वीस वर्षं ते असेच कुठल्या ना कुठल्या दारात बूट घालून उभे राहात आले होते. आधी चिडायचे. मग नुसते घड्याळ बघायचे. हल्ली तेही सोडलं होतं.

आत बायको सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. बोट काठाला, बोटीत सहा माणसं.

"अगं, निघायचं ना?"

"थांबा हो दोन मिनिटं. ती घड्याळवाली आली नाही अजून." तिने नजर काढली नाही. "काय बाई आहे ही. रोज उशीर. सगळी बोट खोळंबते हिच्यापायी. हिच्या घरच्यांचं काय होत असेल, देव जाणे."

मास्तर चौकटीला टेकून उभे राहिले.

"सवय होते त्यांना," ते म्हणाले.